फड्या निवडुंगावर कापसासारखे पुंजके आले आहेत. रांग जाळावी की बोंडांसाठी ठेवावी?

पांझराकाठ (साक्री तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या शेतात नाल्याकडच्या बांधावर फड्या निवडुंगाची वीस-बावीस हात लांबीची जुनी रांग आहे. यंदा तिच्या फड्यांवर सरकी काढलेल्या रुईसारखे पांढरे पुंजके दिसू लागले असून काही फडे पिवळे पडून गळत आहेत. बांधाच्या अलीकडेच आमची कपाशी असल्यामुळे, कपाशीवरचा पिठ्या ढेकूण इथूनच येत असावा आणि म्हणून ही रांग पेटवून द्यावी, असे वडिलांचे मत झाले आहे. आजीचा मात्र याला विरोध आहे, कारण तिच्या लहानपणी गुरे चारताना हीच लाल बोंडे खाऊन मुले दिवस काढत असत. मागच्या आठवड्यात माझ्या मुलीने एक बोंड नुसत्या हाताने तोडले आणि पुढे दोन दिवस तिची बोटे ठणकत होती; मोठा काटा मात्र कुठेच सापडला नाही. ही कीड कपाशीवर जाते का, आणि बोंडे घरात खाण्याजोगी आहेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बोरीतीर (पारोळा)

मी चाळीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. वडिलांचा संशय स्वाभाविक आहे, परंतु तो खरा आहे की नाही हे आपल्याला बांधावरच तपासता येईल. एका काडीने पांढरा पुंजका कागदावर काढून चिरडा. कुंकवासारखा गडद लाल रंग पसरला, तर तो कोचिनील नावाचा कीटक आहे असे समजावे. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण चिरडल्यावर असा रंग येत नाही. कोचिनीलची मादी एकाच जागी सोंड रोवून फड्यातील रस शोषते आणि अंगावर मेणाचे पांढरे आवरण ओढून घेते. तिची पिल्ले वाऱ्याबरोबर दूरवर जातात, परंतु त्यांचे पोषण निवडुंगाच्याच कुळावर होते. कपाशीला तिच्यापासून धोका नाही.

या कीटकाचा आपल्या देशाशी जुना आणि काहीसा गमतीदार संबंध आहे. फड्या निवडुंग मुळात अमेरिका खंडातला. तिकडच्या खऱ्या कोचिनीलपासून मिळणारा किरमिजी रंग त्या काळी सोन्याच्या भावाने विकला जाई आणि तो व्यापार स्पेनच्या मुठीत होता. तो आपल्याकडे वळवावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीची खटपट चालली होती. १७९५ साली कॅप्टन नीलसन याने रिओ दि जानेरोहून हे किडे कलकत्त्यास आणले, पण आणलेली जात चुकीची निघाली. तिच्यापासून रंग हलका मिळाला आणि ती निवडुंगाचीच एक जात खाऊन फस्त करू लागली. रंगाचा धंदा बुडाला तरी तण मारण्याचा उपाय हाती आला. पुढे १९२६ साली श्रीलंकेतून दुसरी जात मुद्दाम आणण्यात आली आणि तिने त्या काळी शेतीला डोईजड झालेली निवडुंगाची रानेच्या राने आटोक्यात आणली. आमच्या गावातली उंच कुंपणे पांढरी होऊन महिन्या-महिन्यांनी कोसळत गेली, असे माझे वडील सांगत असत. तुमच्या रांगेवर जे चालले आहे, ते बहुधा त्याच कथेचे शेपूट आहे.

बोंडांबाबत एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. आपण फड्या निवडुंग आणि थोर या दोघांनाही सरसकट ‘निवडुंग’ म्हणतो आणि तिथे घोटाळा होतो. थोर, म्हणजे कोन असलेल्या फांद्यांचा काटेरी निवडुंग, वेगळ्या कुळातला आहे. त्याला खुपसले की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते आणि तो पोटात जाता कामा नये. फड्याला असा दुधासारखा चीक नसतो. त्याचे जे ‘पान’ आपण म्हणतो ते खरे तर चपटे खोड आहे, आणि पाने काट्यांत रूपांतरित झालेली आहेत. मुलीच्या बोटांत जे गेले ते मोठे काटे नव्हेत, तर प्रत्येक ठिपक्यातून झुबक्याने निघणारी, उलट्या दातांची बारीक कुसळे होत. बोट चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढल्यास बरीचशी निघतात आणि उरलेली भिंगाखाली चिमट्याने काढावीत.

सीमेवरची ताई (नवापूर)

गुरुजींनी सांगितले ते अगदी योग्य आहे. मी फक्त स्वयंपाकघराचे बोलते. गुजरातमध्ये या फळाला फिंडला म्हणतात आणि त्याचे सरबत तिकडे आवडीने पितात, म्हणून आमच्या नातेवाइकांमुळे मलाही त्याची सवय झाली. बोंड सांडशीने धरून देठापासून पिरगळून काढावे. मग निखाऱ्यावर फिरवून कुसळे जाळावीत. नुसत्या गोणपाटावर घासण्यापेक्षा हा मार्ग मला सुरक्षित वाटतो, कारण घासलेली कुसळे गोणपाटात राहतात आणि दुसऱ्याच कुणाला टोचतात. त्यानंतर दोन्ही टोके कापून, उभी चीर देऊन साल सोलावी. आतील गर कुस्करून दुहेरी मलमलीतून हळूहळू गाळावा, जेणेकरून बिया आणि चुकून राहिलेली कुसळे वर राहतील.

रस पाकात उकळत बसू नये. त्याचा लाल रंग बीटाच्या रंगासारखाच असल्याने जास्त शिजवल्यास तपकिरी होतो. पाक वेगळा करून थंड होऊ द्यावा, त्यात रस आणि भरपूर लिंबू घालावे आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवावी. आणि हो, सरबत प्यायल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका. पहिल्या वेळी माझ्या सासूबाईंनी सारे घर हलवले होते. रंग लाल आहे म्हणजे त्यात लोह भरपूर आहे, असा समज मात्र करून घेऊ नका. रक्त कमी असलेल्यांनी डॉक्टरांची औषधे सोडून हे पिऊ नये. बिया टणक असतात, त्यामुळे मुलांनी त्यांच्यासकट पोटभर खाल्ल्यास शौच अडकते.

शेळ्यांचा गडी (चोपडा)

मला दोघांशीही थोडे वेगळे सांगायचे आहे. रांग ठेवायची तर तिच्यावर लक्ष ठेवा, कारण गळालेला प्रत्येक फडा मातीला टेकला की मुळे धरतो आणि पावसाळ्यात नाल्याच्या पाण्याबरोबर खालच्या शेतकऱ्यांच्या माथी जातो. पेटवण्यात तर दुहेरी तोटा आहे. पाण्याने भरलेले फडे पुरते जळत नाहीत आणि अर्धवट उरलेले पुन्हा फुटतात. कोचिनीलनेच रांग मर्यादेत राहणार असेल, तर फवारणीचा खर्च का करावा?

चाऱ्यासाठी म्हणाल, तर या रानटी जातीचे काटे जाळून फडे दुष्काळात गुरांना घालत असत, पण आता बिनकाट्याच्या जाती मिळतात. तरीही त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी आणि प्रथिने फार कमी असतात, म्हणून कडब्याची कुट्टी मिसळल्याशिवाय देऊ नये. नाहीतर शेळ्यांना हगवण लागते.

पांझराकाठ

गुरुजी, ताई, दादा, तिघांचेही मनःपूर्वक आभार. काल काडीने पुंजका चिरडून पाहिला. कागद लालभडक झाला आणि वडिलांनी तो कागद शेजाऱ्यांनाही दाखवून आणला. जाळण्याचा बेत त्यांनी सोडला आहे, मात्र दादांच्या सूचनेप्रमाणे नाल्याच्या बाजूचे गळालेले फडे गोळा करून आम्ही कोरड्या खड्ड्यात टाकले. आजीने निखाऱ्यावर आठ बोंडे भाजली, त्यांतली सहाच खाण्याजोगी निघाली. मुलगी अजून बांधाकडे फिरकायला तयार नाही.