नुसतं लाल मांस आणि चित्त्याचं आतडं: आहार बदलायलाच हवा का?

लष्करचा पशुवैद्य
2022 मध्ये नामिबियाहून आठ चित्ते आपल्या ग्वाल्हेरच्या शेजारी कूनो राष्ट्रीय उद्यानात आले, तेव्हा कुंपण, बिबटे, चितळ सगळ्यावर बोलून झालं. आतड्यातल्या जिवाणूंबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. माझं स्पष्ट मत: पिंजऱ्यातल्या मांसाहारी प्राण्याला आठवड्यातून निदान दोनदा कातडी, केस, हाडांसकट खाणं मिळायला हवं. केस, कंडरा, कूर्चा नीट पचत नाहीत, तोच त्यांचा फायदा. पाल्याचा चोथा गाईच्या पोटात करतो तसं काहीसं काम ते इथे करतात. हे नसलं की मोठ्या आतड्यात न पचलेलं प्रथिन कुजतं आणि त्यातून बनणारी इंडोल, फिनॉल ही घातक द्रव्यं वाढतात. बंदिवासातल्या चौदा चित्त्यांवर हे तपासलंय: महिनाभर अख्खे ससे, महिनाभर जीवनसत्त्वं-खनिजं मिसळलेलं गोमांस. सशांवर असताना विष्ठेतलं इंडोल-फिनॉल उतरलं.

फुलबाग
इंडोल उतरलं, ठीक. प्राणी जास्त जगला का? जिवाणू बदलले म्हणजे आजार झाला, ही उडी मला पटत नाही. बंदिवासातल्या चित्त्यांना जठरदाह फार होतो आणि खापर हेलिकोबॅक्टर या जठरातल्या जिवाणूवर फुटतं. पण नामिबियातल्या रानटी चित्त्यांच्या जठरातही तो सापडतो, आणि दाह मात्र नगण्य! मग दोष जिवाणूचा की कोंडून ठेवण्याच्या ताणाचा? शिवाय अख्खं जनावर आणणार कुठून? कत्तलखान्यात तपासलेल्या मांसावर शिक्का असतो. गावात मेलेल्या ढोराला क्षय होता की फाशी (अँथ्रॅक्स), की मरण्याआधी त्याला कसली इंजेक्शनं टोचली होती, कोण सांगणार?

लष्करचा पशुवैद्य
मेलेलं ढोर कोण म्हणतंय? पाळलेले, तपासलेले ससे किंवा पिसांसकट कोंबड्या. बदल एकदम करायचा नाही, दहा-बारा दिवसांत थोडं थोडं वाढवायचं, नाहीतर जुलाब ठरलेले. आणि नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीसपट असतो, पिल्लांची हाडं वाकतात ती त्यामुळे. हाड दिलं की हा प्रश्न तिथेच सुटतो.

मुरारकर
तुम्ही दोघं मांसाहाऱ्यांतच अडकलात. खरी वाट लागते ती पाला खाणाऱ्यांची. 2016 चा अभ्यास आहे: डूक आणि हाउलर ही माकडं बंदिवासात गेली की त्यांचे मूळचे जिवाणू घटतात आणि प्रेवोटेला, बॅक्टेरॉइड्स हे माणसाच्या आतड्यातले जिवाणू वाढतात, म्हणजे आतडं माणसासारखं होतं. मोठं कारण चोथा आणि पाल्यातली विविधता, दोन्ही कमी. आपल्याकडच्या वानरांना लोक केळी आणि पाव चारतात, तेच बंद करून वड, पिंपळ, शिरीषाचा पाला टांगावा. खर्च जवळजवळ शून्य.

थाटीपूर
त्यापेक्षा प्रोबायोटिक पावडर दिली तर?

मुरारकर
बाटलीतले जिवाणू बहुतेक टिकत नाहीत, खाणं तेच राहिलं तर नाहीच. कोआलांमध्ये दुसऱ्या जातीचं निलगिरी खाणाऱ्यांच्या विष्ठेच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा आतड्यातले जिवाणू बदलले. पण ती विष्ठा त्यांच्याच जातीची होती, दुकानातली पावडर नव्हे.

फुलबाग
पाल्याला माझी ना नाही. चित्त्याबाबत मात्र आधी नमुने घ्या, मग आहार बदला. ताज्या विष्ठेचा मधला, मातीला न लागलेला भाग 95 टक्के इथेनॉलमध्ये. शेवटचं प्रतिजैविक आणि जंतनाशक कधी दिलं ते बाटलीवर लिहा. हे नसेल तर बदल सशामुळे झाला की औषधामुळे, कसं ओळखणार?

लष्करचा पशुवैद्य
घ्या नमुने. पण अहवाल येईपर्यंत हाड अडवून ठेवायचं कारण मला दिसत नाही.