मदत हवी आहे: शिल्पकार पानसरेंबद्दल मराठीत कुठे वाचायला मिळेल?

फाइन आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुंबईतल्या आर्ट डेको (१९३०-४० च्या सुमाराची बांधकामशैली) बिल्डिंगांवर मराठीत प्रोजेक्ट करतेय. ओव्हल मैदानासमोरच्या बिल्डिंगा, इरॉस, रीगल ही जुनी थिएटरं यांच्यावर भरपूर मिळालं, २०१८ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्यापासून तर खूपच. पण माझा जीव अडकलाय फोर्टमधल्या १९३६ च्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स बिल्डिंगमध्ये, एन. जी. पानसरेंनी दर्शनी भिंतीवर शेतकरी, कुंभार अशी आपली कष्टकरी माणसं काय देखणी घडवलीत, आणि खालून लोक मान वर न करता ऑफिसला पळतात, खरंच वाईट वाटतं. रस्त्यावरून स्केचेस झालीत, कॉलेजची लायब्ररी पालथी घातली, नेटवर इंग्रजीत दोन-चार ओळी सापडल्या तेवढ्याच. तीन आठवडे आहेत, फक्त शनिवार मोकळा असतो. पानसरेंवरचा जुना मराठी लेख किंवा कॅटलॉग मेंबर नसताना कुठल्या लायब्ररीत बसून वाचता येईल?