शब्दचर्चा : नाकेबंदी, वेढा, कोंडी आणि काफिला

प्रश्न

महायुद्धांवरच्या मराठी लेखनात ‘ब्रिटनने जर्मनीला वेढा घातला’, ‘जर्मनीची नाकेबंदी केली’ आणि ‘जर्मनीची कोंडी केली’ ही तिन्ही वाक्ये एकाच अर्थाने येतात. हे शब्द समानार्थी मानावेत का? आणि ‘कॉन्व्हॉय’ला, म्हणजे राखणीत एकत्र जाणाऱ्या व्यापारी जहाजांच्या समूहाला, ताफा म्हणावे की काफिला?

उत्तर १

समानार्थी नाहीत. आधी क्रियापदे बघा. वेढा घालतात, तो पडतो, उठतो, फोडला जातो. नाकेबंदी करतात आणि मोडतात. वेढ्यात शत्रू तटाशी येऊन बसलेला असतो. जिंजीचा तसा, लेनिनग्राडचाही तसाच. ८ सप्टेंबर १९४१ला लेनिनग्राडचे जमिनीवरचे सगळे मार्ग तुटले, रसदीला लाडोगा सरोवर तेवढे उरले, आणि वेढा पूर्णपणे उठला तो २७ जानेवारी १९४४ला. रशियन भाषेत त्याला ‘ब्लोकादा’ म्हणतात. म्हणून अनुवादांत कधी ‘लेनिनग्राडची नाकेबंदी’ दिसते. मराठीत तो वेढाच.

नाकेबंदीत शत्रूच्या दाराशी जावे लागत नाही, त्याच्या वाटेवरची नाकी धरली की पुरते. १९१४मध्ये जर्मन बंदरांसमोर ब्रिटिश जहाजे उभी नव्हती. सुरुंग, टॉर्पेडो आणि पाणबुड्या यांमुळे तिथे फार काळ तग धरणे अशक्य झाले होते. पण उत्तर समुद्रातून महासागरात जायला दोनच वाटा आहेत : डोव्हरची सामुद्रधुनी आणि स्कॉटलंड व नॉर्वे यांच्यामधले पाणी. पहिलीत सुरुंग पेरले, दुसरीवर तोफा चढवलेल्या प्रवासी जहाजांची गस्त ठेवली. शब्दशः नाकी बंद केली. या ठिकाणी आपला शब्द इंग्रजी ‘ब्लॉकेड’पेक्षाही नेमका बसतो, असे माझे ठाम मत आहे. १८५६च्या पॅरिस जाहीरनाम्याप्रमाणे ‘ब्लॉकेड’ ग्राह्य ठरायला शत्रूचा किनारा खरोखर अडवता येईल एवढे बळ तिथे लागे. म्हणूनच ब्रिटनने कागदोपत्री तो शब्द टाळला आणि निषिद्ध मालाची (शत्रूला युद्धात उपयोगी पडेल अशा मालाची) जप्ती व शत्रूच्या बेकायदा कृत्यांना प्रत्युत्तर देण्याचा हक्क या आधारांवर काम चालवले.

उत्तर २

वरच्या उत्तरात कोंडी राहिली. कोंडी हा परिणाम आहे, आणि तिची साधने जहाजांपुरती नसतात. सप्टेंबर १९३९मध्ये ब्रिटनने आर्थिक युद्धासाठी वेगळे मंत्रालयच उघडले. चिलखतभेदी गोळे आणि धातू कापणारी हत्यारे यांना टंगस्टन लागते, आणि ते जर्मनीला स्पेन-पोर्तुगालमधून खुश्कीच्या मार्गाने मिळू शकत होते. तिथे गस्तीचा काय उपयोग? म्हणून दोस्तांनी तो माल चढ्या भावाने स्वतःच उचलायला सुरुवात केली. ही कोंडी झाली, नाकेबंदी नव्हे.

याच मंत्रालयाचा ‘नॅव्हिसर्ट’ हा शब्द अनुवादकांना अडवतो. तटस्थ देशाच्या मालाची तपासणी माल चढवतानाच करून ‘यात निषिद्ध काही नाही’ असा दाखला दिला जाई. १९४०च्या उन्हाळ्यापासून तो नसलेला माल धरण्याजोगा मानला जाऊ लागला. कोकण किनाऱ्याला ही पद्धत नवी नव्हती. पोर्तुगीजांचा कार्ताझ आणि कान्होजी आंग्र्यांचे दस्तक हेच सांगत : परवाना दाखवा, नाहीतर जहाज जप्त. फरक एवढाच की दस्तक जहाजाला मिळे आणि नॅव्हिसर्ट मालाच्या प्रत्येक खेपेला. म्हणून ‘मालाचे दस्तक’ म्हटले तर अर्थ पोचतो.

उत्तर ३

कॉन्व्हॉयसाठी काफिला घ्यावा. ताफा एका धन्याचा असतो : मंत्र्याच्या गाड्यांचा किंवा आरमाराचा. काफिल्यात धनी वेगवेगळे, माल वेगवेगळा, राखण तेवढी सामाईक. हा शब्द हिंदी वळणाचा म्हणून टाळू नये. गोव्याहून गुजरातकडे किंवा तांदळासाठी कानडा किनाऱ्याकडे पोर्तुगीज गलबतांच्या राखणीत जाणाऱ्या व्यापारी जहाजांना पोर्तुगीज कागदपत्रांतही ‘काफिला’च म्हटलेले आहे. मूळ अरबी शब्द पश्चिम किनाऱ्यावर समुद्राच्याच अर्थाने रुळलेला आहे.

रचना समजली की शब्दही नेमके सुचतात. ४५ जहाजांचा काफिला ओळीने जात नाही. नऊ रांगा, प्रत्येकीत पाच जहाजे. रांगांमध्ये साधारण ९०० मीटर आणि पुढच्या-मागच्या जहाजांत ५००च्या आसपास अंतर धरले, तर रुंदी सात किलोमीटरांवर जाते आणि पुढून मागपर्यंतची लांबी जेमतेम दोन. पाणबुडी सहसा बगलेवरून टॉर्पेडो सोडते, म्हणून बगल आखूड ठेवायची. म्हणजे ‘जहाजांची रांग निघाली’ हे वर्णन चुकीचे. वेग सर्वांत मंद जहाजाचा. मागे पडलेले जहाज आणि पुढे पळालेले जहाज, दोन्ही राखणीबाहेर जातात.

अधिकारही दुहेरी असतो. व्यापारी जहाजांच्या शिस्तीचा प्रमुख, म्हणजे कमोडोर, त्यांतल्याच एका जहाजावर असे. राखण करणाऱ्या युद्धनौकांचा प्रमुख वेगळा. दोघांनाही ‘सेनापती’ म्हटले की घोटाळा होतो. काफिलाप्रमुख आणि राखणप्रमुख असे वेगळे शब्द ठेवा. ऑक्टोबर १९४०च्या एससी-७ काफिल्यात ३५ जहाजे होती आणि अटलांटिकच्या बऱ्याचशा पल्ल्यात सोबतीला स्कारबरो ही एकच राखणनौका. २० जहाजे बुडाली. काफिला केला म्हणजे संरक्षण झाले असे नाही. राखण पुरेशी हवी.

उत्तर ४

दोन पुरवण्या. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनी-इटली-जपान या गटासाठीचा ‘अक्षराष्ट्रे’ हा शब्द जोडून लिहू नये, पहिल्या नजरेत ‘अक्षर’ वाचले जाते. ‘अक्ष राष्ट्रे’ लिहावे. मुसोलिनीने नोव्हेंबर १९३६मध्ये रोम-बर्लिन रेषेला अक्ष म्हटले, जपान करारात आला सप्टेंबर १९४०मध्ये. म्हणून १९३९च्या वर्णनात ‘जर्मनी, इटली, जपान ही अक्ष राष्ट्रे युद्धात उतरली’ हे वाक्य चुकते. इटली जून १९४०मध्ये उतरला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण ती चूक जवळजवळ सगळीकडे आहे. पाणबुड्यांनी ‘इतके लाख टन’ बुडवले असे वाचतो, तो टन बहुधा वजनाचा नसतो. तो नोंदणी टन, म्हणजे १०० घनफूट बंदिस्त जागा. जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख डोनिट्झ याचे टनयुद्ध याच मापावर चाले : जहाज कुठेही, कोणाचेही असो, शत्रू बांधेल त्यापेक्षा जास्त टन बुडवायचे. अमेरिकेने युद्धकाळात बांधलेल्या एकाच लिबर्टी मालवाहू जहाजाचे आकडे बघा : नोंदणी सुमारे ७,००० टन, वाहून नेण्याची क्षमता १०,०००हून अधिक टन, पूर्ण भरल्यावर विस्थापन (जहाज बाजूला सारते त्या पाण्याचे वजन) १४,०००च्या आसपास. युद्धनौकेचा टन मात्र विस्थापनाचा, म्हणजे खरोखर वजनाचा. त्यामुळे ‘७,००० टनांचे मालवाहू जहाज आणि १०,००० टनांची क्रूझर’ अशी तुलना करता येत नाही. अनुवादात निदान पहिल्या उल्लेखाला ‘नोंदणी टन’ असे लिहावे.