फेब्रुवारी संपला की ही पुस्तकं कुठे जातात?

दुकानवाली:
मंडळी, सल्ला हवाय. शिकागोच्या साउथ साइडला माझं छोटं पुस्तकांचं दुकान आहे. सहा वर्षं तिथेच गल्ल्यावर नोकरी केली, मालकीणबाई थकल्या तेव्हा घेतलं. वस्ती बहुतेक सगळी कृष्णवर्णीयांची.

फेब्रुवारीत, ब्लॅक हिस्ट्री मंथ (कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना) म्हणून, दारासमोरच्या टेबलावर पुस्तकं मांडली होती. १ मार्चला सकाळी ती खोक्यात भरत होते (निम्मी प्रकाशकाला परत जायची होती), तेवढ्यात दर शनिवारी शब्दकोडी न्यायला येणाऱ्या आजी आल्या. खोक्याकडे बघून म्हणाल्या, "आमचा महिना संपला वाटतं?" हसतच म्हणाल्या हो. पण मी चिकटपट्टी हातात धरून नुसती उभी.

नेमकं काय केलं तर वस्तीला उपयोग होईल? जूनटीन्थच्या (१९ जून, गुलामीच्या अंताचा दिवस) आठवड्यातला दहा टक्के नफा देणगी द्यायचा विचार आहे. शिवाय जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, ते खिडकीत मोठ्या अक्षरांत लिहावंसं वाटतंय.

बाडबिस्तरा:
ताई, खिडकीचं आधी. ती अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या भल्या लोकांना आहे, गुलामांना नाही. आपला ऊर भरून येतो, कबूल. पण त्या आजींनी ती वाचून काय म्हणावं, अशी अपेक्षा आहे? घरात लावा.

आता दहा टक्के. आपल्या धंद्यात आठवड्याचा नफा असतो तरी किती? त्यापेक्षा खरेदीकडे बघा. वस्तीतला कवी किंवा दोन माणसांचं प्रकाशन अठरा डॉलरचं पुस्तक घेऊन येतं. आपण काय म्हणतो? "ठेवून जा, विकलं की पैसे." म्हणजे छपाईचे पैसे त्यांनी घातलेले आणि वाटही त्यांनीच बघायची. दुकानाला चाळीस टक्के सवलत धरली तर एका प्रतीचे त्यांना १०.८० मिळतात. पाच प्रती रोखीने घेतल्या तर तुमचे चोपन्न डॉलर अडकले. तेवढे अडकू द्या. नाही खपलं तर नाही खपलं. मोठ्या प्रकाशकांना आपण परतीचा माल बिनदिक्कत पाठवतो, तेव्हा हात थरथरतो का?

जून २०२० आठवतो ना? पोलिसाने केलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर सगळ्यांना एकदम वंशभेदावरची तीच चार-पाच पुस्तकं हवी होती. प्रकाशकांकडचा साठा संपला. लोकांनी मुद्दाम कृष्णवर्णीयांच्या दुकानांतून मागवली आणि उशीर झाला म्हणून त्यांनाच शिव्या घातल्या. त्या महिन्यात गिऱ्हाइकांना "थांबा, येतील" एवढंच सांगायचं काम मी दिवसभर केलं. मी कॅलिफोर्नियात ओकलंडजवळ असतो. तिथलं मार्कस बुक्स हे कृष्णवर्णीयांचं दुकान, १९६० साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेलं. एखाद्याला या विषयात खोल शिरायचं असलं की मी सरळ तिकडे धाडतो. गिऱ्हाईक हातचं जातं म्हणता? ते पुढच्या महिन्यात दुसरं काही घ्यायला येतंच.

खडूफळा:
मी शाळेत ग्रंथपाल आहे, मुलांच्या कपाटाबद्दल बोलते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालसाहित्य केंद्राने १९८५ सालची मोजदाद केली होती: सुमारे २,५०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची फक्त १८. आता परिस्थिती पुष्कळ बरी आहे. पण दुकानदार अजूनही निवडून आणतात काय? गुलामी आणि मोर्चे. आमच्या तिसरीतल्या एकाने मला विचारलं, "यात कुणी मरत नाही असं आहे का?" त्याला डायनासोर हवा होता, आणि तो शोधणारा मुलगा आपल्यासारखा दिसणारा हवा होता. असं पुस्तक असतं. मागवावं लागतं.

आणि हो, जवळच्या शाळेला कार्यक्रमासाठी लेखिका बोलावलीत तर तिला मानधन द्या. "तुमच्या पुस्तकाची जाहिरात होईल" हे वाक्य त्या बायांनी फार वेळा ऐकलंय.

टपालहशील:
तुरुंगात पुस्तकं पाठवता येतात, घरचे लोक दुकानातून मागवतात. बऱ्याच ठिकाणी थेट दुकानातून आलेलं, नवं कोरं आणि कागदी बांधणीचंच चालतं. मी एकदा जाड पुठ्ठ्याचं पाठवलं, ते तीन आठवड्यांनी जसंच्या तसं परत. त्या आईला फोन करताना जीभ जड झाली. आधी तिथले नियम विचारून घ्या, बिल आत टाका, टपालखर्च स्वतः सोसा.

इतिहासाचा किडा:
अवांतर: न्यूयॉर्कच्या लिस्पेनार्ड स्ट्रीटवर डेव्हिड रगल्स यांनी १८३४ मध्ये दुकान काढलं, कृष्णवर्णीय मालकाचं देशातलं पहिलं पुस्तकांचं दुकान म्हणतात ते. गुलामीविरोधी पत्रकं विकायचे. पुढच्याच वर्षी जमावाने जाळलं.

दुकानवाली:
सगळ्यांचे आभार. खिडकीचा बेत रद्द, बाडबिस्तरा, जरा झोंबलं पण पटलं. पलीकडच्या चौकातल्या एका कवीकडून पाच प्रती रोख घेतल्या. त्याने पैसे दोनदा मोजले, मग विचारलं, "परत मागणार नाही ना?"

शनिवारी आजींनाच विचारलं, तुम्हाला काय ठेवलेलं आवडेल? म्हणाल्या, "खुनाच्या कादंबऱ्या. डिटेक्टिव्ह आमच्यातला असला तर उत्तम. पण अक्षर मोठं पाहिजे, डोळे गेले माझे."

तर आता पुढचा प्रश्न: मोठ्या टायपातली पुस्तकं परतीच्या बोलीवर कोणाकडून मिळतात?