'आजीवन अध्ययन' की 'निरंतर शिक्षण'? नेमका शब्द कुठला वापरू

होटगी रोड
मंडळी, डीएलएडच्या (प्राथमिक शिक्षक व्हायला शिकणाऱ्या) पोरांसाठी एक टिपण लिहायला घेतलंय, ब्रिटनच्या टीएलआरपीवर, म्हणजे टीचिंग अँड लर्निंग रिसर्च प्रोग्रॅम. तिथल्या इकॉनॉमिक अँड सोशल रिसर्च कौन्सिलनं २००० च्या सुमाराला सुरू केलेला, बालवाडीपासून कॉलेज, कारखाना, मोठ्या माणसांचं शिकणं असं सगळं त्यात आलं. मी नाव 'शिक्षण संशोधन कार्यक्रम' केलं तर सासरे (रिटायर्ड हेडमास्तर) म्हणाले, यात शिकवणं कुठंय आणि शिकणं कुठंय? आणि लाइफलाँग लर्निंगला काय लिहू? 'आजीवन' म्हणलं की मला कारावासच आठवतो बघा.

दमाणी नगर
सासऱ्यांचं बरोबर आहे की. 'तिचं शिक्षण बारावी' म्हणजे ती शिकली ते, आणि 'शिक्षण खातं' म्हणजे शिकवणाऱ्यांचा कारभार, एकच शब्द दोन्हीकडं राबतोय. अँड्र्यू पोलार्ड डायरेक्टर असताना या कार्यक्रमानं दहा तत्त्वं मांडली, त्यातलं एक असंय की दुसऱ्याला शिकवणाऱ्यानं स्वतः शिकत राहिलं पाहिजे, त्यावरच वर्गातलं सगळं अवलंबून. आता तिथं 'शिक्षकांचं शिक्षण' लिहिलं तर वाचणाऱ्याला बीएड वाटणार, नाहीतर सुट्टीतलं ते प्रशिक्षण, सही करा, चहा-बिस्किट खावा, घरी जावा. त्यापेक्षा 'अध्यापन-अध्ययन संशोधन कार्यक्रम' करा.

एमआयडीसी
अध्ययन म्हणलं की पोथी वाटते बे. आमच्याकडं मागावर कोण अध्ययन करायलंय? पोरगं आधी कांड्या भरतंय, मग तुटलेला धागा जोडायला शिकतंय, मग कधीतरी त्याला माग सोपवतात, याला आम्ही 'हात बसला' म्हणतो. तुमच्या त्या कार्यक्रमात कामावरच्या शिकण्याचं काय आहे का?

होटगी रोड
आहे तर. ॲलिसन फुलर आणि लॉर्ना अनविन यांचं काम त्यातच येतं. ॲप्रेंटिस दोन्हीकडं असतात, पण एका कारखान्यात पोराला वेगवेगळ्या खात्यांत फिरवतात, बाहेर क्लासला जायला वेळ देतात, आणि दुसरीकडं त्याला एकाच मशिनवर उभं करतात आणि काम निघायला लागलं की शिकणं बंद. पहिल्याला त्या विस्तारणारं वातावरण म्हणतात, दुसऱ्याला आखडलेलं.

एमआयडीसी
मग आमचं दुसरं. हात बसला की शेठचं काम झालं, पोरगं डिझाइनचं कार्ड बघायला गेलं तर ओरडतात. 'हात बसणं' टिपणात घ्या, पोरांना लगेच कळतंय.

साखर पेठ
काही झालं तरी 'प्रौढ शिक्षण' लिहू नका. २ ऑक्टोबर १९७८ ला सुरू झालेला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम १५ ते ३५ वयाच्या निरक्षरांसाठी होता, तेव्हापासून त्या शब्दाला पाटी आणि रात्रीचा वर्ग जो चिकटला तो चिकटलाच. आत्ताच्या उल्लास या केंद्राच्या साक्षरता योजनेत (२०२२ ते २०२७) सरकारनंच तो शब्द सोडून 'सर्वांसाठी शिक्षण' केलंय. आणि 'निरंतर शिक्षण' पण अडचणीचं आहे, कारण उल्लासचे जे पाच भाग आहेत, साक्षरता-संख्याज्ञान, जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, मूलभूत शिक्षण, त्यातला पाचवाच निरंतर शिक्षण! म्हणजे तो एका तुकड्याला आधीच दिलेला शब्द, तुम्ही तोच अख्ख्याला लावला तर गोंधळ. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात 'आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ' आहे, कारावास आठवू दे नाहीतर 'आजीवन सभासद', तोच घ्या.

होटगी रोड
ठीकाय, मथळ्यात 'आजीवन अध्ययन', आत बोलताना 'जन्मभर शिकणं'. आता अजून एक, दहा तत्त्वांत स्कॅफोल्डिंग आलंय. बांधकामावरची 'परांची' चालेल का? नुसता 'आधार' फार ढोबळ वाटतोय.

दमाणी नगर
परांची आताच्या पोरांना कळणार नाही. 'तात्पुरता आधार' लिहा, त्यात तात्पुरता गाळू नका, कारण पोराला जमायला लागलं की मास्तरनं तो काढून घ्यायचा असतो.

साखर पेठ
मला परांची आवडला. सासऱ्यांना विचारून बघा.