तीन युनिट, तीन ठिकाणचा डेटा आणि सर्व्हरचं कोटेशन: आधी काय करू?

भोसरीवाला
नमस्कार मंडळी. वडिलांनी भोसरीत दोन लेथवर सुरू केलेलं वर्कशॉप आहे, बुश, पिन, छोटे ब्रॅकेट बनवतो. चार वर्षांपूर्वी चाकणला सीएनसीची (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनची) शेड घेतली आणि आता शिरवळला असेंब्लीचं तिसरं युनिट चालू होऊन आठ महिने झालेत. टर्नओव्हर १४ कोटीच्या आसपास, कॉम्प्युटरवर बसणारी माणसं साधारण ४५. भोसरीचं टॅली वेगळं, चाकणचं वेगळं, शिरवळचा स्टॉक एक्सेलमध्ये, आणि रोजचं प्रॉडक्शन व्हॉट्सॲप ग्रुपवर. जीएसटी नंबर तिघांचा एकच, त्यामुळे महिनाअखेरीला अकाउंटंट तिन्हीकडचं गोळा करून रिटर्न भरतात.

आतापर्यंत निभावलं, पण मागच्या महिन्यात शिरवळचं एक बिल ई-इनव्हॉइस करायचं राहून गेलं आणि कळलं तेव्हा ३० दिवस उलटून गेले होते, पोर्टलनं आयआरएन (बिल नोंदवल्याचा नंबर) दिलाच नाही. त्या दिवसापासून झोप नाही. एक जण म्हणतो भोसरीत मोठा सर्व्हर बसवा, कोटेशनपण देऊन गेलाय, दुसरा म्हणतो सगळं क्लाउडवर टाका. बाबांना डेटा आपल्याच जागेत हवाय. पुढच्या पाच वर्षांत अजून दोन युनिट व्हायची शक्यता आहे. आधी कशाला हात घालू?

नेटवर्कवाला_सांगली
दादा, कोटेशन बाजूला ठेवा आणि तिन्ही जागी राउटरमध्ये आयपीची, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राच्या पत्त्याची, कुठली सिरीज आहे ते बघा. मी पैजेवर सांगतो तिन्हीकडे १९२.१६८.१ वालीच असणार, कारण डबा उघडून राउटर लावला की बऱ्याचदा तेच येतं. आज त्रास नाही, पण ज्या दिवशी व्हीपीएननं (इंटरनेटवरून जाणाऱ्या खाजगी जोडणीनं) तिन्ही जागा जोडाल त्या दिवशी भोसरीचा प्रिंटर आणि चाकणचा अकाउंट्सचा पीसी एकाच पत्त्यावर राहत असतील आणि पॅकेट जाणार कुठं? मग लोक त्याच्यावर ट्रान्सलेशनचे, म्हणजे एक पत्ता दुसरा म्हणून दाखवायचे, जुगाड करतात आणि ते जुगाड लावणारा नोकरी सोडून गेला की कुणालाच काही कळत नाही.

भोसरी १०.१, चाकण १०.२, शिरवळ १०.३ असं वाटून टाका, पुढचं युनिट आलं की १०.४. प्रत्येक ठिकाणी तिसरा आकडा ठरवून ठेवा, ऑफिस १०, मशीन २०, कॅमेरे ३०. आत्ता ४५ पीसी आहेत तोवर एका गुरुवारच्या सुट्टीत एक युनिट उरकतं. मशीनचं व्हीलॅन, म्हणजे नेटवर्कचा कप्पा, वेगळं ठेवाच. तुमच्या जुन्या सीएनसीच्या पॅनलमध्ये विंडोज एक्सपी असण्याची दाट शक्यता आहे, त्याचा सपोर्ट २०१४ लाच संपला, ते इंटरनेटला लागता कामा नये. विंडोज १० चापण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून पीसीची यादी करताना व्हर्जनचा कॉलम ठेवा.

इंटरनेटच्या दोन लाइन घ्या आणि दोन्ही एकाच खांबावरून येत नाहीत ना ते स्वतः बाहेर जाऊन बघा. दुसरी लाइन सिमवर असली तर तिला सहसा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळत नाही, तेव्हा व्हीपीएन युनिटकडून बाहेर लागेल असं सेट करायला सांगा, बाहेरून आत लावायला गेलात तर लागणारच नाही.

स्टोअर्सकाका
मी चौतीस वर्षं स्टोअर्स सांभाळलं, कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही पण एक विचारतो. तुमची १२ एमएमची पिन तिन्ही ठिकाणी एकाच नावानं आहे का? आमच्याकडं एका ठिकाणी "पिन १२", दुसरीकडं "डॉवेल १२ बाय ६५", तिसरीकडं कस्टमरचा ड्रॉइंग नंबर असं होतं. सॉफ्टवेअर नवीन आणलं आणि तिन्ही याद्या जशाच्या तशा आत ओतल्या, तर खरेदीवाल्याला स्टॉक शून्य दिसायचा आणि माल रॅकमध्ये पडलेला असायचा. दोनदा डबल मागवला.

म्हणून आधी आयटमची एकच यादी करा. आणि कोडमध्ये अर्थ कोंबू नका हो. मटेरियल, साइज, कस्टमर सगळं कोडमध्ये घातलं की कस्टमरनं मटेरियल बदललं की कोड खोटा ठरतो. साधा नंबर द्या, ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन वेगळ्या रकान्यात. नवीन कोड उघडायचा अधिकार एकाच माणसाला, तो रजेवर असेल तर दुसरा कोण ते लिहून ठेवा.

अकाउंट्सताई
काकांशी शंभर टक्के सहमत. मी फक्त तारखेबद्दल बोलते कारण सगळे तुम्हाला १ एप्रिल सांगतील. करू नका. मार्चएंडला अकाउंट्सवाल्यांना जेवायला वेळ नसतो आणि त्यातच तुम्ही म्हणणार ओपनिंग स्टॉक मोजा. आम्ही एका कंपनीत १ ऑक्टोबरला बदललं, सहा महिन्यांची ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) ओपनिंग म्हणून घेतली, जास्तीचं काम झालं पण माणसं शांत डोक्यानं शिकली.

बिलांची सिरीज तिन्ही युनिटची वेगळी ठेवली तरी चालते, नंबर १६ अक्षरांच्या आत हवा आणि आर्थिक वर्षात परत यायला नको. प्लेटिंगला बाहेर जाणारा माल विसरू नका, जॉबवर्कचा (बाहेर काम करून घ्यायला पाठवलेला) माल वर्षभरात परत यायला हवा आणि जीएसटीच्या आयटीसी-०४ फॉर्ममध्ये दाखवावा लागतो, तो चलन-टू-चलन जुळला पाहिजे. एक्सेलवर ठेवलं की नेमकं इथंच सुटतं. आणि प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कुणी काय बदललं त्याची नोंद) बंद करता येणार नाही असा असायला लागतो, डेमो बघताना हे पहिल्यांदा विचारा.

भोसरीवाला
नेटवर्कवाला दादा, आत्ताच बघितलं, तिन्हीकडे १९२.१६८.१ च आहे. काकांचं वाचून तर घामच फुटला. पण मग सर्व्हर की क्लाउड? बाबांना काय सांगू?

नेटवर्कवाला_सांगली
बाबांचं म्हणणं चुकीचं नाही. डेटा आपला असणं म्हणजे आपल्याला तो कधीही पूर्ण बाहेर काढता येणं, मग मशीन कुठंही असो. ४५ माणसांसाठी भोसरीत मोठा सर्व्हर घेतलात तर भोसरीची लाइट गेली की चाकण, शिरवळपण बसणार. मी ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) मुंबई रीजनमधल्या क्लाउडवर ठेवेन आणि रोज रात्री त्याची कॉपी भोसरीतल्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावर, उतरवेन. ईआरपीनेक्स्ट बघा, मुंबईच्या फ्रॅपेचं आहे, ओपन सोर्स आहे त्यामुळे माणसांच्या संख्येवर लायसन्स वाढत नाही, लावून देणारा आणि सांभाळणारा मात्र चांगला शोधा, खरा खर्च तिथंच. टॅली ठेवायचं असेल तरी हरकत नाही, पण तिन्ही युनिट एकाच कंपनीत, गोडाउन वेगळे.

बॅकअपचं कळकळीनं सांगतो. माझ्या एका क्लायंटकडं रिमोट डेस्कटॉपचा (लांबून पीसी चालवायचा) पोर्ट बाहेर उघडा राहिला होता, रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं आणि नॅस पीसीला ड्राइव्ह म्हणून जोडलेला होता म्हणून बॅकअपसकट सगळं लॉक झालं. मी तिथं तीन रात्री बसलो, मालकाचे डोळे अजून आठवतात. तीन कॉपी, दोन प्रकारच्या जागी, एक बाहेर, आणि एक तरी अशी की कुठल्याही पीसीवरून पुसता येणार नाही. दर तीन महिन्यांनी एका वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करून बॅलन्सशीट उघडते का ते स्वतः बघा. लॉगिन प्रत्येकाचं वेगळं आणि मेल, ईआरपी, व्हीपीएनला एकच, म्हणजे माणूस सोडून गेला की एका जागी बंद केलं की सगळीकडं बंद.

भोसरीवाला
अपडेट देतोय. दोन रविवार बसून तिन्ही याद्या एकत्र केल्या, ११४० आयटम होते, खरे निघाले ६८०. बाबा स्वतः वर्नियर घेऊन रॅकपाशी उभे होते. सर्व्हरवाल्याला थांबायला सांगितलंय. येत्या गुरुवारी शिरवळचे आयपी बदलतोय.

काका, एका ठिकाणी अडलोय. पिन प्लेटिंगला जायच्या आधीची आणि परत आल्यानंतरची, दोन कोड द्यायचे की एकच ठेवून स्टेज वेगळी दाखवायची?

स्टोअर्सकाका
दोन कोड. रॅकमध्ये दोन वेगळ्या ट्रेमध्ये राहते ना ती, मग यादीतपण दोनच.