रकान्याची माहिती की रकान्यातली माहिती?

प्रश्न, फोंड्याहून
गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी दाखवणारं पान मी पीएचपी या वेबपानांच्या भाषेत लिहिलंय. यादी डेटाबेसातल्या ‘पुस्तके’ नावाच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, आहे. पुढे ते माझा भाचा सांभाळणार, म्हणून मराठीत टिपण तयार करते आहे. परवा त्याला लिहिलं, ‘पुस्तके या टेबलातल्या रकान्यांची माहिती काढून पाठव.’ तासाभरात फाईल आली. त्यात सगळ्या पुस्तकांची नावं, लेखक, किमती! मला हवं होतं ते निराळंच: रकाने किती, त्यांची नावं काय, कशात अंक बसतो, कशात तारीख, कुठला रिकामा राहिला तर चालतो. दोष त्याचा नाही, माझ्या वाक्याचा. तेव्हा विचारते, ‘कॉलम’ला रकाना म्हणावं की स्तंभ? आणि या दोन प्रकारच्या माहितीला वेगळं काही म्हणता येईल का?

म्हापशाहून
स्तंभ नको हो. गोंयकाराला स्तंभ म्हटलं की मंगेशीचा सात मजली दीपस्तंभच दिसतो. पेपरात ‘स्तंभलेखक’ असतो, ‘रकानालेखक’ नसतो, हे कबूल. पण एखाद्या प्रकरणावर पेपर ‘रकानेच्या रकाने’ भरतात, तिथे स्तंभ उपयोगाचा नाही. रकाना हा भरायचा असतो, स्तंभ नुसता उभा असतो. आणि जमिनीचा एक-चौदाचा उतारा (आमचा गोव्याचा सातबारा) ज्यानं हातात धरलाय त्याला रकाना शिकवायला नको. कुळाच्या रकान्यात नाव आहे की ‘इतर हक्क’मध्ये, यावर इथे पिढ्या भांडल्या आहेत.

मडगावहून
स्तंभाची बाजू कोणी तरी घ्यायला हवी. इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या खांबावरूनच आला. पोर्तुगीजमध्येही ‘कोलुना’ म्हणजे देवळाचा खांब आणि पानावरचा रकानाही. गणिताच्या पुस्तकात स्तंभालेख चालतो, मग इथे का अडतं?

म्हापशाहून
लॅटिनमधला खांब मराठीत उचलून आणायचं कारण काय? आपला शब्द आधीच आहे.

डिचोलीहून
रोज याच कामावर पोट आहे, म्हणून जरा लांब लिहितो. फोंड्याच्या बाईंचा घोटाळा मराठीचा नाही. मूळ आज्ञांमध्येच तो भरून राहिला आहे.

मायएसक्यूएल या डेटाबेसला ‘शो कॉलम्स’ म्हणा. उत्तरात सहा रकाने येतात आणि पहिल्याचं शीर्षक असतं ‘फील्ड’! विचारलं कॉलमबद्दल, उत्तर फील्डबद्दल. ‘शो फील्ड्स’ म्हटलं तरी तेच उत्तर, कारण दोन्ही आज्ञा एकच. ‘डिस्क्राइब’ हे त्याचंच छोटं रूप. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसच्या आतल्या तक्त्याचं नाव तर ‘पीजी अ‍ॅट्रिब्यूट’. संगणकशास्त्रज्ञ कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल (माहिती तक्त्यांत ठेवायची पद्धत) मांडलं, त्या परंपरेतला हा शब्द. म्हणजे एकाच गोष्टीला तीन नावं, आणि तिन्ही चालू.

पीएचपीत आणखी मजा. डेटाबेसशी बोलायला तिथे मायएसक्यूएलआय आणि पीडीओ अशी दोन साधनं. मायएसक्यूएलआयचं ‘फेच फील्ड’ आणतं रकान्याविषयीची माहिती: नाव, प्रकार, लांबी. पीडीओचं ‘फेच कॉलम’ आणतं रकान्यातली माहिती, तीही पुढच्या ओळीतलं एकच मूल्य. पुन्हा हाक मारली की गडी त्याच्याही पुढच्या ओळीवर जातो, त्यामुळे एकाच ओळीतले दोन रकाने असे मागता येत नाहीत. पीडीओत रकान्याविषयी विचारायचं तर ‘गेट कॉलम मेटा’. आता नावावरून ओळखून दाखवा कोण काय आणतं! पीएचपी ८.१ मध्ये मायएसक्यूएलआयलाही ‘फेच कॉलम’ मिळालं, म्हणजे आता दोघं एकाच घरात.

जुन्या पीएचपी प्रोग्रामांत ‘मायएसक्यूएल लिस्ट फील्ड्स’ दिसलं तर ते सरळ काढा. ती सगळी पिढी पीएचपी ७ मध्ये गेली.

तुमच्या भाच्यासाठी एक फरक टिपणात जरूर लिहा. ‘फेच फील्ड’ आणि ‘गेट कॉलम मेटा’ टेबलाबद्दल बोलत नाहीत, निकालाबद्दल बोलतात. आधी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला केलेली विचारणा, चालवावी लागते. एकही ओळ नको असेल तर शेवटी ‘लिमिट ०’ लावा: ओळी शून्य, रकान्यांची नावं मात्र हजर. डिफॉल्ट मूल्य (काही न भरल्यास आपोआप बसणारं) वगैरे हवं असेल तर खुद्द टेबलालाच विचारायचं, ‘शो कॉलम्स’नं किंवा ‘इन्फर्मेशन स्कीमा’तून, म्हणजे डेटाबेसनं स्वतःच्या टेबलांबद्दल ठेवलेल्या नोंदवहीतून. मी दुसरा मार्ग धरतो. तिथे टेबलाचं नाव हे साधं मूल्य असतं, त्यामुळे ते क्वेरीत सुरक्षितपणे बांधता येतं, म्हणजे आज्ञेत न मिसळता वेगळं देता येतं. ‘शो कॉलम्स’मध्ये नाव तसं बांधता येत नाही, तिथे ठरलेल्या नावांच्या यादीशी ताडून मगच ते वापरावं. फक्त डेटाबेसचं नावही अटीत घाला, नाहीतर दुसऱ्या डेटाबेसातल्या ‘पुस्तके’चेही रकाने येऊन बसतील आणि तुम्हाला वाटेल वाचनालय दुप्पट झालं.

सांखळीहून
‘फील्ड’ला सरकारी मराठीत ‘क्षेत्र’ म्हणतात, त्यावर कोणीच बोललं नाही? जमिनीच्या टेबलात क्षेत्रफळाचा रकाना असतोच. मग सूचना होते: ‘क्षेत्र या क्षेत्रात क्षेत्र भरा.’ त्यात जमीन देवस्थानची असली तर तेही क्षेत्रच.

मडगावहून
हसलो. पण रकाना आणि ओळ जिथे छेदतात त्या एका चौकोनाला काय म्हणायचं? आमच्या बाईंनी वहीत ‘घर’ म्हणायला शिकवलं होतं. बुद्धिबळाच्या पटावर असतं तसं.

डिचोलीहून
घर उत्तम. ओळीलाही ‘पंक्ती’ करू नका, लोक जेवायला बसतील. ‘नोंद’ म्हणा.

आणि लांबीचं राहिलंच. ‘इन्फर्मेशन स्कीमा’त लांबी दोनदा येते, एकदा वर्णांत, एकदा बाइटांत. यूटीएफ८एमबी४ (एका वर्णाला चार बाइटांपर्यंत जागा देणारी साठवणपद्धत) असलेला व्हारचार ५० (पन्नास वर्णांपर्यंतच्या मजकुराचा रकाना) घ्या: पहिली ५०, दुसरी २००. पहिलीला टिपणात ‘अक्षरं’ लिहू नका. आपल्याला ‘रकाना’त तीन अक्षरं दिसतात. डेटाबेस काना वेगळा मोजतो, म्हणून त्याच्या लेखी पाच, आणि देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट खात असल्यामुळे बाइट पंधरा.

म्हापशाहून
‘स्तंभ’ मोजून पाहिला. अक्षरं दोन, पण हलंत आणि अनुस्वार धरून तोही पाच आणि पंधरा. म्हणजे यंत्राच्या दृष्टीनं मडगावचे आणि मी बरोबरीत सुटलो.

फोंड्याहून
सगळ्यांचे आभार. नवा शब्द घडवायची गरजच नव्हती, प्रत्ययानंच काम होतं. ‘ची’ दोन्हीकडे जातो, तिथेच माझं वाक्य फसलं. आता टिपणात असं केलंय: आत भरलेलं हवं तर ‘रकान्यातली माहिती’, रकान्याबद्दल हवं तर ‘रकान्याचा तपशील’. ‘तपशील’ घेतला कारण किती, कुठलं, केवढं हे सगळं त्यात येतं. एकेका चौकोनाला घर, ओळीला नोंद. फील्ड आज्ञांच्या नावांपुरतं तसंच ठेवलं. लांबीपुढे ‘वर्ण’ लिहून कंसात ‘काना-मात्रा वेगळे मोजा’ असं घातलं.

भाच्याला वाचायला दिलं. म्हणाला, ‘मावशी, त्या दिवशी नुसतं डिस्क्राइब मार म्हणाली असतीस तर कळलं असतं की.’